जुन्या अल्टोला नव्या ब्रेक डिस्क घेताना

जुन्या गाडीचे ब्रेक थरथरायला लागले की सल्ला फुकट मिळतो आणि प्रत्येकाचा वेगळा मिळतो. टायरवाला म्हणतो बॅलन्सिंग करून घ्या. शेजारी म्हणतो स्टिअरिंगचा टाय रॉड गेला असेल. कुणी सांगतं डिस्क लेथवर मारून, म्हणजे घासून सपाट करून, आणा, दोनचारशे रुपयांत काम होतं. माझ्या गाडीच्या बाबतीत हे सगळं ऐकून झालं, आणि शेवटी काय करायचं ते त्या जुन्या डिस्कनीच सांगितलं. फक्त त्या नीट बघणारा माणूस भेटायला हवा होता.

गाडी २००८ ची अल्टो. ७९६ सीसी, बारा इंची चाकं, पुढे भरीव डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही अंगांनी पॅड दाबले की गाडी थांबते) आणि मागे ड्रम. पंधरा वर्षं झाल्यावर पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून तिचं पासिंग करून घेतलंय, त्यामुळे ती एवढ्यात भंगारात जाणार नाही. कोल्हापुरातून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीकडे, गावाला, हेच तिचं मुख्य काम. करूळ कामासाठी बंद होता तेव्हा भुईबावड्याने जायचो, म्हणजे घाट काही चुकत नव्हता. शहरात फिरणाऱ्या गाडीचे ब्रेक थोडे कुरकुरले तर चालून जातं. पावसात, धुक्यात, समोरून एसटी येत असताना स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं की चालून जात नाही.

लक्षण नेमकं काय होतं ते सांगतो, कारण निम्मं निदान तिथेच होतं. साठ-सत्तरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरायचं आणि पायाखाली पेडल ठोके द्यायचं. ब्रेक सोडला की गाडी एकदम शांत. बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर थरथर ब्रेकवर अवलंबून नसते, ठरावीक वेगाला येते आणि वेग बदलला की जाते. फक्त ब्रेकवर येते आणि हातात जाणवते म्हणजे पुढच्या डिस्ककडे बघायचं. हात शांत आहेत पण पेडल आणि सीट हलते, तर संशय मागच्या ड्रमवर घ्यायचा. हे कळल्यामुळे बॅलन्सिंगचे पैसे तरी वाचले.

एका मोठ्या वर्कशॉपात दाखवलं तर एस्टिमेट हातात आलं: डिस्क, पॅड, दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे), मागचे व्हील सिलिंडर, शू, ब्रेक ऑइल. आकडा वीस हजारांच्या घरात. चाक न काढता हे कसं कळलं असं विचारलं, तर उत्तर आलं, "गाडी जुनी आहे ना सर." पुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा दोन्ही चाकं काढली, आणि डिस्कला हात लावायच्या आधी पॅड काढून माझ्या हातात दिले. डाव्या बाजूचा आतला पॅड जवळजवळ पत्र्याला टेकला होता, बाहेरचा निम्मा शिल्लक. उजवीकडचे दोन्ही सारखे झिजलेले. "ह्यो बघा तुमचा चोर," मिस्त्री म्हणाले. या कॅलिपरला पिस्टन एकच असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि कॅलिपर स्वतः दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन गंजून अडकली की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर येतो आणि तो पॅड धड सुटतही नाही. डावी खालची पिन हाताने हलत नव्हती, पान्ह्याने फिरवून बाहेर काढावी लागली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल होता.

डिस्कची जाडी मोजायची म्हटल्यावर मी व्हर्नियर पुढे केलं. मिस्त्रींनी ते घेतलं, पण सरळ लावलं नाही. डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेपर्यंत पॅड पोचत नाही, त्यामुळे तिथे मूळ जाडीची एक उभी कड राहते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसतात आणि डिस्क ठणठणीत असल्याचा आकडा दाखवतात. त्यांनी खिशातून एक रुपयाची दोन नाणी काढली, कडेच्या आत डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक धरलं, नाण्यांवरून माप घेतलं आणि मग नुसत्या दोन नाण्यांचं माप त्यातून वजा केलं. ८.४, ८.३, पुन्हा ८.३. नव्या डिस्कची जाडी १० मिमी. वायर ब्रशने गंज काढल्यावर टोपीच्या, म्हणजे डिस्कच्या मधल्या उंच भागाच्या, बाजूला ओतलेली अक्षरं दिसली, किमान जाडी ८ मिमी.

म्हणजे डिस्क कागदावर अजून जिवंत होती. इथेच लेथचा मोह होतो. पण लेथवर मारायची तर दोन्ही अंगांनी थोडं थोडं काढावं लागतं. खड्डा जिथे सर्वांत खोल तिथपर्यंत जावं लागतं, आणि दोन्ही बाजू मिळून तीन-चार दशांश मिलिमीटर सहज जातात. ८.३ मधून ते वजा केलं की डिस्क गाडीला लावायच्या आधीच मर्यादेवर किंवा मर्यादेखाली. बरं, पॅड झिजेपर्यंत ती आणखी झिजणार ते वेगळंच. डिस्क नऊ-साडेनऊ मिमी असती तर लेथला माझी हरकत नव्हती. चांगल्या टर्नरने (लेथवाल्याने) केलेलं काम नव्या डिस्कच्या तोडीचं होतं आणि कोल्हापुरात चांगल्या टर्नरांची वाण नाही.

हा ८ मिमीचा आकडा कंपनीने जादा माल खपवायला छापलेला नसतो. ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणारं यंत्र, आणि ती उष्णता साठवायला जागा म्हणजे डिस्कचं वजन. माणसं, सामान धरून हजार किलोची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा साधारण दहा लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जावी लागते. तीन लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी. त्यातली काही इंजिन खातं, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरत असाल तर. बाकीची ब्रेकमध्ये. आणि घाट शंभर मीटरचा नसतो. पातळ डिस्क लवकर तापते, पॅड पकड सोडायला लागतात, उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ऑइल जुनं असेल तर ते आणखी वाईट, कारण ते हवेतलं पाणी पितं. ताज्या डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी प्यायल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पावसाळी कोकणात ये-जा करणाऱ्या गाडीचं ऑइल दोन वर्षांपलीकडे ठेवण्यात अर्थ नाही.

डिस्क "वाकडी झाली" असं सगळे म्हणतात. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावून गोल फिरवत मापं घेतली, तेव्हा जाडीतच चार शतांश मिलिमीटरचा फरक निघाला. ऐकायला काहीच नाही, पण दोन शतांशाचा फरकही पायाला कळतो. डिस्क वाकलेली क्वचितच असते, बहुतेक वेळा ती एका जागी जास्त झिजलेली असते. कारण दोन. एक तर गावाला पावसात गाडी उभी राहते तेव्हा पॅडखाली पाणी धरून गंजाचा ठसा उमटतो. आमच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा तो काळपट डाग स्वच्छ दिसत होता. दुसरं कारण हब, म्हणजे ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग. डिस्क ज्या तोंडावर बसते तिथे गंजाचा पापुद्रा आला की डिस्क किंचित तिरकी बसते, ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ होते. म्हणूनच नवी डिस्क टाकल्यावर सहा महिन्यांत पुन्हा थरथर आली अशी तक्रार करणारे लोक डिस्कच्या कंपनीला शिव्या देतात, आणि हब तसाच गंजलेला असतो.

आता नवी कोणती घ्यायची. माझा मेव्हणा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, शेवटी सगळं बीडच. पण बिडाबिडात फरक असतोय." रविवारी घरी आला तेव्हा जुनी डिस्क हातात घेऊन त्याने तासभर शिकवणी घेतली. डिस्क ग्रे आयर्नची, म्हणजे करड्या बिडाची (ओतीव लोखंडाची) असते. त्या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता पटकन वाहून नेतात आणि कंप गिळतात, म्हणून पोलादासारखं मजबूत नसूनही डिस्कला हेच बीड लागतं. दोरीला टांगून पान्ह्याने ठोकली तर आवाज दबका येतो, खणखणत नाही. ओतकाम घाईत थंड झालं की कडेला बीड पांढरं आणि काचेसारखं कडक होतं. फौंड्रीत त्याला चिल म्हणतात. अशा डिस्कवर कडक ठिपके राहतात, ते झिजत नाहीत आणि भोवतालचं झिजतं, म्हणजे थरथर पुन्हा हजर. वाळूचे कण अडकले किंवा ब्लो होल (वायूची पोकळी) राहिलं तर ते पुष्कळदा मशीनिंगनंतरच दिसतं. "चांगली फौंड्री असा माल परत भट्टीत टाकते. वाईट फौंड्री तो कमी दरात विकते," एवढं सांगून त्याने चहा मागितला.

एवढं ऐकल्यावर डब्याशिवाय, नाव-नंबर नसलेल्या स्वस्त डिस्कचा विषय संपला. दुकानात तीन प्रकारचा माल होता: गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, ब्रेकच्या सुट्या भागांतल्या नावाजलेल्या कंपन्यांचा, आणि नुसता कागदात गुंडाळलेला. पहिल्या दोघांत एका डिस्कमागे दोनचारशे रुपयांचा फरक. तिसरा जवळजवळ निम्म्या किमतीत. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "हा टुरिस्टवाले नेतात, पासिंगपुरता."

दुकानात जाताना जुनी डिस्क पिशवीत घालून नेली होती आणि आरसीचा फोटो मोबाईलमध्ये होता. हे फार उपयोगी पडलं, कारण अल्टो या नावाने निदान तीन वेगळ्या गाड्या रस्त्यावर आहेत: माझी जुनी, २०१० मध्ये आलेली हजार सीसीची के-टेन, आणि २०१२ नंतरची अल्टो ८००. दुकानदार आधी भलताच डबा घेऊन आला होता. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढला आणि मग दोन डिस्क शेजारी शेजारी काउंटरवर ठेवून मापं घेतली. व्यास आणि बोल्टांची भोकं सगळेच बघतात. टोपीची उंची कुणी बघत नाही. ती दीड-दोन मिलिमीटर कमी-जास्त असली तरी डिस्क चाकाला बसते, पण कॅलिपरच्या मधोमध येत नाही. मधल्या भोकाचं मापही घ्यायचं. तिथे डिस्क हबवर ढिली बसली तर सगळी मेहनत वाया.

भोकं पाडलेल्या आणि खाचा असलेल्या डिस्क इंटरनेटवर छान दिसतात. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने दोनदा फोटो पाठवले. रेसच्या गाडीला त्याचा काही उपयोग असेल. बारा इंची चाकाच्या अल्टोला नाही. भोकं पाडली म्हणजे उष्णता साठवणारं लोखंडच कमी केलं, आणि सारखं तापून-गार होऊन भोकांच्या कडेला तडे जातात. दुसरी सूचना होती मोठ्या गाडीच्या पोकळ, वारा खेळणाऱ्या डिस्क बसवायची. कल्पना वाईट नाही, पण जाड डिस्कला कॅलिपर वेगळा लागतो, मग ब्रॅकेट, मग बारा इंची रिमच्या आत ते मावतं का, आणि पुढचा ब्रेक वाढवला तर मागच्याशी तोल बिघडतो का. कंपनीच्या इंजिनिअरांनी जमवलेला हिशेब मी गॅरेजमध्ये कशाला मोडू?

घेतल्या शेवटी साध्या, भरीव, कंपनीच्या डब्यातल्या दोन डिस्क. हॉलोग्राम, पार्ट नंबर आणि छापील किंमत तपासून. सोबत पॅडचा नवा संच, कारण जुने पॅड जुन्या डिस्कच्या चऱ्यांना जुळलेले असतात, ते नव्या सपाट डिस्कला टेकतात फक्त उंचवट्यांवर. "एकच खराब आहे तर एकच बदला" असं सांगणारेही भेटले. एका आसावर दोन वयाच्या डिस्क ठेवल्या तर ब्रेक एका बाजूला ओढू शकतो, आणि वाचणार किती, हजारभर रुपये.

बसवताना मी शेजारी उभा होतो. जुनी डिस्क हबला चिकटून बसली होती. मिस्त्रींच्या पोराने हातोडा उचलला तसा मिस्त्रींनी त्याला थांबवलं: "बेअरिंगला मारतोस व्हय रं?" डिस्कला दोन आट्याची भोकं असतात; त्यात बोल्ट आळीपाळीने पिळत गेलं की डिस्क आपसूक सुटून पुढे येते. मग हबचं तोंड वायर ब्रश आणि एमरी पेपरने घासून पांढरं केलं. स्टडांच्या (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्यांच्या) मुळाशी साचलेला गंज सगळ्यात चिवट, तो बारीक कानशीने काढला. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसला. ते तेल पॅडमध्ये मुरलं तर पॅड गेलेच.

यानंतरचं काम मी आधी कधी पाहिलं नव्हतं. डिस्क चढवून चारी नट वॉशर टाकून आवळले, डायलचा (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापाचा) स्टँड कॅलिपरच्या बाजूला धरला आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा ०.११ मिमी हलला. मिस्त्री काही बोलले नाहीत. डिस्क काढली, एक स्टड पुढे फिरवून पुन्हा लावली. ०.०८. पुन्हा एक स्टड. ०.०४. चौथ्या जागी परत ०.०९. मग तिसऱ्या जागेवर परत आणून तिथेच ठेवली आणि खडूने खूण केली. हबचा तिरकेपणा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांना जिथे काटतात ती जागा शोधायची, एवढंच ते गणित. चार स्टड, चार जागा, पाव तासाचं काम. उजवीकडे पहिल्याच जागी ०.०५ आलं. किती गॅरेजात डायल बाहेर काढतात कोण जाणे. उद्यमनगरात प्रत्येक टर्नरच्या खणात तो असतो, म्हणून आमच्या नशिबी आला.

पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, डावीकडची पिन आणि दोन्ही रबरी बूट नवे टाकले. कॅलिपर बदलायची गरज नव्हती, पिस्टन हाताने मागे जात होता. पिस्टन मागे ढकलताना वरच्या डबीतलं ऑइल उतू जातं आणि बॉनेटचा रंग खातं, म्हणून डबीभोवती आधीच ओलं फडकं गुंडाळलं होतं. मग डॉट ३ ची नवी बाटली घालून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. डॉट ५ हे नाव पुढच्या नंबरचं म्हणून चांगलं असेल असं समजून कुणी घालू नका. ते सिलिकॉनचं असतं, याच्यात मिसळत नाही. चाकाचे नट मिस्त्रींनी समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, हातपान्ह्याने आवळले. टायरच्या दुकानात हवेच्या गनने एकेक नट करकचून आवळतात, त्याने नवी डिस्कही तिरकी बसते. आता पंक्चर काढायला गेलो की शेवटचे फेरे मी स्वतः मारतो. दुकानातल्या पोरांना ते चमत्कारिक वाटतं.

सगळं मिळून, मजुरी धरून, पाच हजारांच्या आत.

नवी जोडी बसायला वेळ लागतो. भल्या सकाळी कळे गावाच्या रस्त्याला गाडी काढली. मागे कुणी नाही बघून साठवरून पंधरापर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा साठ, मधे थोडं अंतर ब्रेकशिवाय. असं आठ-दहा वेळा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी डिस्कला चिकटतो आणि तिथून नवी थरथर सुरू होते. साळवणपर्यंत जाऊन आलो तोवर डिस्कवर सारखी राखाडी झाक आली होती. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळला, घाट तर टाळलाच. गावाला त्या आठवड्यात एसटीने गेलो.

त्यानंतर करूळ अनेकदा उतरून झाला, भर पावसात सुद्धा. स्टिअरिंग शांत आहे. गावाला गाडी ठेवताना एक सवय लावली आहे: पावसातून आल्यावर अंगणात शिरायच्या आधी चार वेळा हलका ब्रेक दाबून डिस्क कोरड्या करायच्या. चार-आठ दिवस उभी राहिली तर निघताना पहिल्या दोनशे मीटरमध्ये गंजाची खरखर ऐकू येते, ती आपोआप जाते, त्याची काळजी करायची नाही. जुन्या दोन्ही डिस्क मेव्हणा घेऊन गेला, त्यांच्या भट्टीला बिडाचं भंगार लागतंच. आता मागच्या ड्रमचे शू तेवढे राहिलेत. मिस्त्री म्हणतात पुढच्या पावसाळ्याआधी बघू, पण चाक काढल्याशिवाय सांगणार नाहीत.